भिंतीकडे तोंड केलेली अक्षरं

दसरा झाला की आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटते. पानं तांबूस पडतात, बोंडांना चिरा जातात आणि एखाद्या सकाळी मोताळ्याच्या एसटीतून पाहिलं तर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी रान पांढरं झालेलं असतं. लोक त्याचे फोटो काढतात. मला या दिवसांत पोटात काहीतरी कुरतडायला लागतं. ऋतू बदलला की कुणाला सर्दी होते, कुणाचे सांधे धरतात. मला मत्सर होतो. दरवर्षी, नेमानं, कापसाच्या पहिल्या वेच्यापासून शेवटच्या वेच्यापर्यंत.

आणि हा मत्सर एकाच मुलीचा आहे. तिचं नाव नसरीन.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. देवाच्या तसबिरीमागे पत्रकं, ज्वारीच्या कोठीवर पत्रकं, गादीखाली पत्रकं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटल्यावर चळवळीत. वर्गातली बाकीची मुलं क कमळाचा गिरवत होती तेव्हा मला ‘जाहीर’ आणि ‘निषेध’ लिहिता येत होतं. सोळाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं ते बीटी बियाण्याच्या पाकिटावर हसणाऱ्या माणसाबद्दल. त्याचा सदरा इस्त्रीचा होता. मी लिहिलं होतं, हा माणूस कोणत्या गावचा आहे ते सांगा. त्याच्या शेताला पाणी कुठून येतं ते सांगा. शेतात इस्त्रीचा सदरा घालून उभं राहणारा एक माणूस आमच्या तालुक्यात दाखवा, आणि मग आम्हाला बियाणं विका. आबांनी ते दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि म्हणाले, “छापू.” त्या दिवशी मी दोन बोटं उंच झाले.

पत्रकं पाठकोरी असत. एका अंगाला मजकूर, दुसरं अंग रिकामं. त्या रिकाम्या अंगाकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

पहिल्या वेच्याच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीच्या बुडाशी पाच खडे मांडायचे, त्यांना चुना लावायचा, वर कुंकवाचं बोट टेकवायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग कमरेला ओटी बांधून पहिलं बोंड वेचायचं. त्या वर्षी आईनं हे सगळं केलं. मी झोळीतून माझी ताजी पत्रकं काढली आणि वेचणीला आलेल्या बायांना वाटली. बायांनी ती दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तशी घेतली. शांताकाकूंनी त्यावर भाकर ठेवली. तुळसामावशीनं घडी करून ओटीत टाकलं. नसरीननं मात्र पत्रक उलटं केलं.

नसरीन आमच्या गावातल्या पिंजाऱ्याची मुलगी. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो. तिचे अब्बा घरोघर फिरून कापूस पिंजत, गाद्या-रजया भरून देत. गावात पिंजायचं यंत्र आलं आणि त्यांची धुनकी खुंटीला लागली. तेव्हापासून मायलेकी वेचणीला येत. ज्या घराच्या हाताखालून साऱ्या गावाचा कापूस हलका होऊन जायचा, त्याच घरातले हात आता वाकून तो बोंडातून काढत होते. यावर मी पत्रक लिहिलं असतं. नसरीननं पऱ्हाटीची एक काडी मोडली, टोक दातानं चावून तिचा कुंचा केला, माझ्या आईच्या वाटीतला उरलेला चुना आणि कुंकू घेतलं आणि पत्रकाच्या कोऱ्या अंगावर हात चालवायला लागली. तिचं लक्ष कागदावर नव्हतंच. ती धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडच्या बाभळीकडे बघत होती आणि हात आपला जात होता.

एक विहीर निघाली. विहीर वर, आभाळात. तिच्यातून एक बाई डोकं खाली करून लोंबत होती आणि तिची वेणी थेट जमिनीपर्यंत आली होती.

“दोर कुठी हाय वं विहिरीले?” कुणीतरी विचारलं.

“येनीच दोर हाय. पाय ना नीट,” शांताकाकू म्हणाल्या. त्या सगळ्यांत चेष्टेखोर. “माही सासू मले अशीच ओढे. पानी काहाडाच्या आंधी मलेच काहाडे घरातून.” बाया हसल्या. काकूही हसल्या. मग त्यांनी हातातली भाकर तशीच खाली ठेवली, चित्राकडे पाहत राहिल्या आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “ही माही हाय वं, पोरी. नेऊ का घरी?”

“न्या ना, काकू,” नसरीन म्हणाली.

इतकंच झालं. पण त्या दिवसापासून ती रीत पडली. वेचणीच्या दिवसांत, भाकरीच्या वेळेला, नसरीन एक चित्र धुऱ्यावर मांडायची. चारी कोपऱ्यांवर चार ढेकळं. रंग घरचेच: गेरू, नीळ, हळद, काजळ, आणि ते धरून ठेवायला पाण्यात विरघळवलेला बाभळीचा डिंक. कागद माझा. बाया बघायच्या, बोलायच्या, भांडायच्या. जिला त्यात स्वतःचं काही दिसेल तिनं ते मोठ्यानं सांगायचं आणि चित्र घरी न्यायचं. सांगितल्याशिवाय न्यायचं नाही. आणि शेतात सांगितलेलं शेतातच ठेवायचं. हे नियम कुणी केले मला माहीत नाही; मी केले नव्हते, म्हणूनच ते टिकले असतील.

दिवाळीत मी घरोघर गेले तेव्हा पाहिलं. शांताकाकूंच्या चुलीच्या वर, तुळसामावशीच्या दाराच्या आतल्या अंगाला, पिठाच्या खळीनं चिकटवलेली चित्रं. आणि प्रत्येक चित्राच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, माझी अक्षरं. पावसाळ्यात भिंत ओलावली की ती कागदातून उलटी उमटायची. शांताकाकूंच्या विहिरीतल्या बाईच्या पोटावर मला माझं ‘जाहीर’ दिसलं, आरशात दिसावं तसं, उलटं. काकू म्हणाल्या, “तेवढे डाग पडले बाई. कागद बेकार हाय.”

त्या दिवसांतली माझी अवस्था मी आज लपवत नाही. मी रात्रंदिवस अन्यायाबद्दल बोलत असे आणि मनात एकच अन्याय घोळवत असे. मी शब्द न् शब्द तोलून लिहावं आणि त्यावर भाकर ठेवली जावी. तिनं बाभळीकडे बघत हात फिरवावा आणि बायांनी तो कागद देवासारखा भिंतीला लावावा. हे कोणत्या हिशेबात बसतं? एकदा कपाशीच्या ओळीत शेजारी शेजारी वेचताना मी तिला विचारलंच.

“त्या वेणीच्या चित्राचा अर्थ काय होता वं?”

“मले काय माहीत. हात गेला.”

“मंग काढून काऊन राह्यली तू?”

“तू लिहून काऊन राह्यली?”

“लोकांना कळावं म्हणून.”

ती थांबली. ओटीतला कापूस दाबून बसवला. “मंग कळलं का?” तिनं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. टोमणा असता तर मी तिला माफ केलं असतं.

मीही काढून पाहिलं. कुणाला न सांगता, कोठीच्या खोलीत बसून, तिच्यासारखाच गेरू आणि नीळ घेऊन. हात सोडून दिला. हात कुठेही गेला नाही. मग मी त्याला नेलं. एक मूठ काढली, वर सूर्य, खाली नांगर. धुऱ्यावर मांडलं आणि माझं आहे असं सांगितलं नाही. बाया भाकर चावत बराच वेळ पाहत होत्या.

“कोन्या पार्टीचं हाय हे?” शांताकाकूंनी विचारलं. “निवडनूक आली का काय?”

नसरीन हसली नाही. तिनं माझ्या बोटांवरचा गेरू पाहिला असावा. ती म्हणाली, “सूर्य चांगला हाय.” या तीन शब्दांसाठी मी तिच्यावर महिनाभर जळले.

मग बोंडअळीचं साल आलं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको. फुलं उमललीच नाहीत. पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेल्या राहिल्या. डोमकळ्या म्हणतात त्यांना. लांबून गुलाबाच्या कळीसारख्या देखण्या दिसतात. बोंड वरून धड, हिरवंगार. फोडलं की आत गुलाबी अळी आणि कुजक्या, पिवळ्या कापसाची कवडी. अळी येणार नाही म्हणूनच तर बीटी पेरलं होतं. आबांचा आवाज सभा घेऊन घेऊन बसला. मी पेटले होते. तो राग खरा होता, आजही आहे. ज्यांनी पाकिटावर हसणारा माणूस छापला त्यांच्यातला एकही जण ते बोंड फोडून बघायला आमच्या धुऱ्यावर आला नाही.

तिसऱ्या वेच्याला नसरीननं धुऱ्यावर चित्र मांडलं. एक मोठं बोंड. मधोमध फाकलेलं. आत गुलाबी अळी, पाय पोटाशी घेऊन झोपलेली. आणि तिच्या अंगावर, हनुवटीपर्यंत ओढलेली, रंगीबेरंगी ठिगळांची एक बारकीशी गोधडी.

“आगं माय,” शांताकाकू ओरडल्या, “अळीले पांघरून घातलं हिनं! आता अंगाई म्हन तिले!”

मला हसू आलं नाही. “नसरीन, लाज वाटते का काही?” मी म्हणाले. “अख्खं शिवार खाल्लं हिनं, अन् तू तिले झोपवून राह्यली?”

“हात गेला,” ती म्हणाली.

तेवढ्यात तुळसामावशी पुढे सरकली. ती कमी बोलणारी बाई. तिनं दोन बोटं पदराला पुसली आणि गोधडीवरून फिरवली, कागदाला न लावता. “ही माही हाय,” ती म्हणाली. “माही रेखा.”

रेखा तिची मुलगी. वर्षभरापूर्वी सासरहून परत आलेली. घराबाहेर पडत नसे. भिंतीकडे तोंड करून झोपून असायची.

“तिचा काका म्हनते, पोरगी आतून घर पोखरून राह्यली,” मावशी म्हणाली. “दिवसभर झोपते, खाते, पोखरते. रोज म्हनते. मी बोलत नाही. पन मी तिच्या अंगावरचं पांघरून सारखं करतो हो. रोज करतो.” आमच्याकडे बाया स्वतःबद्दल असंच बोलतात, ‘करतो’, ‘जातो’. मावशीच्या तोंडून त्या दिवशी ते ऐकताना वाटलं, घरात करता-धरता अशी ही एकच व्यक्ती उरली आहे.

शांताकाकूंनी स्वतःच्या हातानं ढेकळं उचलून चित्र तिला दिलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी शेतात गेले तर रेखा आली होती. ओटी नीट बांधता येत नव्हती तिला. नसरीनची आई मागून गाठ मारून देत होती. मावशीनं घरी जाऊन चित्र दाखवलं होतं, म्हणाली होती, ही तू हाय, आन् हे पांघरून माहं हाय, पाहू कोन ओढते ते. मुलगी उठून बसली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं ते हे की, आमच्या सगळ्या पत्रकांनी इतक्या वर्षांत एका माणसाला अंथरुणातून उठवलं नव्हतं.

मी तुळसामावशीकडे गेले आणि ते चित्र मागितलं. म्हणाले, आबांना दाखवते. खोटं बोलले. खामगावला गेले, छापखान्यात दिलं. वर चित्र आणि खाली ठळक, मोठा मजकूर माझा: झोपेचं सोंग घेऊन घर आतून पोखरणाऱ्या या अळीला ओळखा. तिला दया दाखवू नका. ठेचून काढा. अळी म्हणजे बियाण्याचे दलाल, हे मला स्वच्छ होतं. खाली बारीक अक्षरात ते लिहिलंही होतं. अगदी शेवटी माझं नाव होतं. एकटं माझं.

चित्र परत करताना मावशीला काही सांगितलं नाही. पत्रक मोताळ्याच्या बाजारात वाटलं. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं पत्रक. लोक थांबून बघत होते. पानवाल्यानं ते टपरीला चिकटवलं. कुणीतरी आबांना म्हणालं, “मास्तर, पोरगी तुमच्या पुढं गेली.” आठवडाभर मी जमिनीवर नव्हते.

एका सकाळी तुळसामावशी आमच्या अंगणात आली. बसली नाही. पदराखालून एक कागद काढून तिनं आबांसमोर ठेवला. त्याला तेलाचे डाग होते. बाजारातून कुणीतरी भजी बांधून आणली असतील. रेखा दहावी शिकलेली होती. तिला बारीक अक्षरं वाचायची गरज पडली नव्हती.

“मास्तर,” मावशी म्हणाली, “तुमच्या पोरीनं माह्या पोरीले ठेचाले सांगतलं हो साऱ्या बाजाराले.”

आबांना काही कळलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. मला सगळं कळलं होतं, आणि तरी माझ्या तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं: “मावशी, ते प्रतीक आहे.”

ती निघून गेली. रेखा पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपली.

नसरीन भांडली नाही. ती आली ती माझ्या पाठकोऱ्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन. तिच्याकडे उरला होता तेवढा सगळा. पायरीवर ठेवला. “तुले ते चित्र पाहिजे होतं का?” तिनं विचारलं. “मागाचं होतं.”

“मी सगळ्यांसाठी छापलं.”

“सगळ्याईसाठी नव्हतं ते. एकीचं होतं.”

त्या मोसमात धुऱ्यावर पुन्हा चित्र मांडलं गेलं नाही. बाया भाकर खायच्या, उठायच्या, ओळीला लागायच्या. नंतरची काही वर्षंही तशीच गेली. मी माफी मागायचं ठरवलं आणि काय केलं असेल? मसुदा लिहिला. तीन वेळा. आबांनी वाचला, एकही स्वल्पविराम काढला नाही. म्हणाले, “हे वाटायचं नसतं बाळा. जाऊन सांगायचं असतं.” मी गेले. रेखा दारात आली. “बोल,” म्हणाली. मी समाजाबद्दल, व्यवस्थेबद्दल काहीतरी बोलले आणि परत आले. माझ्याकडे बहुवचन फार होतं. एकवचन मला कुणी शिकवलं नव्हतं.

रेखा पुढं उठली ती माझ्यामुळे नाही. नसरीनच्या आईनं तिला गोधड्या शिवायला बसवलं, हळूहळू, टाक्याटाक्यानं. नसरीनचं लग्न होऊन ती जळगाव जामोदला गेली. तिथं ती भिंतींवर काढते, लोक बोलावतात, असं कानावर यायचं. दरवेळी ऐकून मी म्हणायचे, “वा, छान.” आणि दुसराच विषय काढायचे.

यंदा ती वेचणीच्या दिवसांत माहेरी आली. सीतादहीच्या आदल्या सांजेला आमच्या दारात उभी राहून, काही झालंच नसल्यासारखं म्हणाली, “पाठकोरे कागद हायत का वं?”

घरात एकच गठ्ठा उरला होता. त्या पत्रकाचा. मी तो तसाच आणून तिच्या हातात दिला, मजकूर वर. तिनं बराच वेळ पाहिलं. मग वरचा एक कागद काढून उलटा केला आणि घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी आईनं खडे मांडले, चुना लावला, दहीभात दाखवला. मी झोळी आणली नव्हती. ओटी बांधून ओळीत उभी होते. दुपारी नसरीननं चित्र मांडलं. चार कोपऱ्यांवर चार ढेकळं. कपाशीच्या ओळीत दोन बाया. एकीची ओटी इतकी भरलेली की कमरेतून ओघळते आहे. पण तिला ते दिसतच नाही. तिची मान बगळ्यासारखी लांबच लांब झाली आहे, वळून, वाकून, दुसरीच्या ओटीत गेली आहे. डोळा केवढा मोठा. आणि त्या दुसरीच्या ओटीत मूठभरच कापूस.

“बगळी हाय का बाई ही?” शांताकाकू म्हणाल्या. त्यांचे आता दात पडलेत, हसणं तेच. “मासोळी समजून कापूस खाऊन राह्यली.”

बाया हसत होत्या. रेखा समोर बसली होती, कांदा फोडत. मी हातातली भाकर खाली ठेवली. सभेत हजार माणसांसमोर बोलणं मला याहून सोपं गेलं होतं.

“ही माही हाय,” मी म्हणाले.

हसणं थांबलं. सांगितल्याशिवाय नेता येत नाही.

“मी हिच्यावर जळते,” मी म्हणाले. “पहिल्या दिवसापासून. ते पत्रक मी अळीच्या रागानं नाही छापलं. लोक हिचं बघतात, माहं बघत नाहीत, म्हणून छापलं. अन् रेखा, तू उठून शेतात आली, ते हिच्यामुळे आली, म्हणून तर अजूनच छापलं.”

एवढंच जमलं. वाक्य वाकडं होतं, पण त्यात मी होते.

कुणी ‘जाऊ दे’ म्हणालं नाही. नसरीन बाभळीकडे बघत होती. रेखानं कांदा खाली ठेवला, हात झटकले आणि एकेक ढेकूळ उचललं. कागद हातात घेऊन उलटा केला. पुढचं अंग तिच्यासमोर आलं. ती अळी, ती गोधडी, ती ठळक अक्षरं. तिनं ते वाचलं, सगळं, या वेळी बारीक अक्षरंसुद्धा. मग कागद माझ्यापुढे धरला आणि मजकुरावर बोट टेकवलं.

“लावजो भिंतीले,” ती म्हणाली. “पन हे आंग आत.”

“चला वं,” शांताकाकू गुडघ्यावर हात टेकून उठल्या, “ऊन उतरून राह्यलं.” आम्ही ओळीला लागलो.

आईनं खळ शिजवून दिली. माझ्या टेबलावर, जिथं मी लिहायला बसते, त्याच्या बरोबर समोर मी तो कागद लावला. अक्षरांवर खळ फासताना हात थांबला होता, खोटं कशाला बोलू. ‘ठेचून काढा’ ओलं झालं, भिंतीला टेकलं, आणि मी तळहातानं ते दाबून बसवलं. त्याच्या खालचं माझं नावही.

मत्सर गेलेला नाही. घरात येणारा प्रत्येक जण आधी ते चित्र बघतो, मग टेबलावरचे माझे कागद. बघून झालं की विचारतो, “कोणी काढलं?”

मी सांगते. नसरीननं. अजूनही नाव घेण्याआधी मी एकदा टेबलावरचे माझे कागद सारखे करते.